गारठा वाढतोय, आठ कोंबड्या आहेत, खुराड्यात बल्ब लावू का?

आठजणी

नमस्कार मंडळी, इथे पहिल्यांदाच लिहितेय. परसात आठ कोंबड्या आहेत, तीन दीड वर्षाच्या आणि पाच यंदाच्या तलंगा म्हणजे तरुण कोंबड्या, त्यातल्या दोन पांढऱ्या लेगहॉर्न जातीच्या आणि बाकी सगळ्या तपकिरी. मागचा हिवाळा हलका गेला होता म्हणून काही वेगळं करायची वेळ आली नाही पण यंदा आत्ताच रात्री उणे ६ पर्यंत उतरतंय आणि पुढच्या आठवड्यात उणे १२ सांगितलंय, त्यामुळे मला रात्री झोप लागत नाहीये अक्षरशः.

खुराडं लाकडी आहे, पाच बाय सात फूट, वर पत्रा, आत दोन गोल दांड्या आणि खाली तीनेक इंच लाकडाचा भुसा. थंडी सुरू झाल्यावर मी काय केलं तर खिडकीला प्लॅस्टिक मारलं, पत्र्याखालच्या फटीत पोती कोंबली आणि वरून सगळ्याला ताडपत्री गुंडाळली, म्हटलं आतली ऊब आतच राहील. पण गेले चार दिवस सकाळी दार उघडलं की पत्र्याच्या आतल्या बाजूने थेंब लटकलेले असतात, कधी चक्क बर्फाचा पातळ थर असतो, आणि असा उग्र वास येतो की डोळ्यात पाणी येतं. आणि काल एका लेगहॉर्नच्या तुऱ्याची टोकं राखाडी-पांढरट झालेली दिसली. ती खातेपिते पण डोकं सारखं झटकते.

पाणी तर रोज सकाळी दगड झालेलं असतं. अंडी सहावरून दोनवर आलीत.

ह्यांनी २५० वॅटचा लाल बल्ब आणून ठेवलाय, आज लावू म्हणतात. लावू का? आणि तुऱ्याचं काय करू? प्लीज लवकर सांगा.

जुनं_खुराडं

ताई, बल्ब पिशवीतच राहू दे आणि आधी ती पोती काढ. आजच्या आज, अंधार पडायच्या आत. बाकीचं नंतर वाचलंस तरी चालेल.

आता कारण सांगतो. कोंबडीच्या अंगाचं तापमान ४१ डिग्रीच्या आसपास असतं, म्हणजे आपल्यापेक्षा चार डिग्री जास्त, आणि त्यावर पिसांची रजई. ती पिसं फुलवते तेव्हा पिसांच्या मधे हवा अडकते आणि ती अडकलेली हवाच तिला गरम ठेवते. ही रजई कोरडी असेल तर उणे १२ ला तुझ्या तपकिरी कोंबड्या आरामात झोपतील. ओली झाली तर शून्यालाही काकडतील. तुला आत्ता त्रास थंडीचा नाहीये, ओलीचा आहे, आणि ती ओल बाहेरून आलेली नाही, तुझ्या कोंबड्यांनीच तयार केलीय.

हिशोब बघ. एक कोंबडी दिवसाला साधारण पाव लिटर पाणी पिते, आठजणींचं झालं दोन लिटर. त्यातलं थोडं अंड्यात जातं, उरलेलं सगळं श्वासातून आणि विष्ठेतून बाहेर येतं, विष्ठेत जवळजवळ तीन चतुर्थांश पाणीच असतं. हिवाळ्यात रात्र चौदा तासांची, त्या सगळ्या वेळ आठजणी आत बसून श्वास सोडतात आणि खाली घाण करतात. तू सगळं घट्ट बंद केलंस म्हणजे ही सगळी वाफ आत कोंडली. गरम दमट हवा वर जाते, गार पत्र्याला लागते, थेंब होतात, ते परत कोंबड्यांच्या अंगावर आणि भुशावर टपकतात. तुऱ्यावर ही ओल बसली आणि वर कडाका पडला की तुरा गोठतो. उघड्यावरच्या कोरड्या शेडमधल्या कोंबडीचा तुरा शाबूत आणि बंद खोलीतल्या कोंबडीचा काळा पडलेला, असं मी माझ्याच दोन खुराड्यांत एकाच हिवाळ्यात पाहिलंय. त्या दिवसापासून मी फटी बुजवणं बंद केलं.

वास येतो तो अमोनिया. तुझ्या डोळ्यात पाणी येतंय ते उभं राहून, आणि त्या तर त्याच्या उगमापाशीच झोपतात. खाली वाक, दांडीच्या उंचीला नाक ने आणि एक मिनिट थांब, मग कळेल. त्या वासाने श्वासनळीच्या आतलं अस्तर खराब होतं आणि मग सर्दीचे आजार लागतात.

म्हणून झरोके हवेत, पण कुठे हे महत्त्वाचं. पत्र्याच्या लगेच खाली, समोरासमोरच्या भिंतींत, कोंबड्या दांडीवर बसल्यावर त्यांच्या डोक्याच्या बऱ्याच वर. माझा ढोबळ हिशोब असा की जमिनीच्या दर दहा चौरस फुटांमागे एक चौरस फूट उघडं, म्हणजे तुझ्या ३५ फुटांना साडेतीन फूट, सगळं मिळून. त्यावर बारीक वेल्डमेश जाळी मार, अर्ध्या इंचाची, नाहीतर मुंगूस-मांजर-उंदीर कोणीही येईल. दांडीच्या उंचीला मात्र वारा अजिबात नको, तिथल्या फटी खुशाल बुजव. वर उघडं, खाली बंद. तपासायचं असेल तर एक छोटं मऊ पीस दोऱ्याला बांधून दांडीच्या उंचीवर टांग, हललं तर वारा कुठून येतोय ते शोध.

ताडपत्री वरून काढली नाहीस तरी चालेल पण झरोक्यांवर येऊ देऊ नकोस. आणि तो तीन इंच ओला भुसा आजच उचलून टाक, कोरडा घाल.

पाचवा_हिवाळा

वरच्या दादांनी सांगितलंय ते सगळं बरोबर. मी फक्त बल्बबद्दल बोलते कारण माझा अनुभव आहे आणि तो आठवला की अजून हात थरथरतात.

दुसऱ्या हिवाळ्यात आम्ही असाच लाल बल्ब टांगला होता, साखळीने, वर क्लिप पण होती. रात्री एक कोंबडी उडून त्याच्यावर आपटली असावी, क्लिप सुटली आणि बल्ब भुशाच्या जवळ लोंबकळत राहिला. मला काही कारणाने पहाटे तीनला जाग आली आणि जळका वास आला म्हणून धावले, भुसा धुमसत होता, ज्वाळा नव्हती एवढंच. अर्धा तास उशीर झाला असता तर लाकडी खुराडं, कोरडा भुसा, पिसं, धूळ... पुढचं लिहवत नाही. २५० वॅटच्या बल्बची काच प्रचंड तापते, त्यावर धूळ बसली किंवा पाण्याचा थेंब उडाला तरी तडकते. लोकांची खुराडी जळतात ती बहुतेक वेळा अशीच.

आणि आग लागली नाही तरी दुसरा धोका आहेच. बल्बच्या उबेत राहिलेली कोंबडी हिवाळ्याची तयारीच करत नाही. शरीर हळूहळू थंडीला सरावतं, आतली मऊ पिसं दाट होतात, खाणं वाढतं, हे सगळं व्हायला आठवडे लागतात. मग एखाद्या रात्री बरोबर कडाक्याच्या वेळी वीज जाते आणि अधिक १० वरून एकदम उणे १२. तो धक्का त्यांना झेपत नाही.

एवढं सांगून हेही सांगते की ऊब कधीच द्यायची नाही असं माझं म्हणणं नाही. पिल्लं असतील तर त्यांना पहिल्या आठवड्यात ३५ डिग्री लागतं, मग दर आठवड्याला तीनेक डिग्री कमी करत सहाव्या आठवड्यापर्यंत पिसं भरली की बंद. आजारी कोंबडी, भर थंडीत पिसं झडून उघडीबोडकी झालेली कोंबडी, तिला घरात एका खोक्यात ठेवावं. आणि खुराड्यात काही लावायचंच झालं तर ते भिंतीला स्क्रूने पक्कं बसणारं सपाट पॅनेल येतं, ज्याचा पृष्ठभाग बल्बसारखा तापत नाही, तेवढंच. पण ताई, तुम्हाला त्याचीही गरज नाही असं मला वाटतं.

आठजणी

दोघांनाही मनापासून धन्यवाद. पोती काढली, ह्यांनी दोन्ही भिंतींना वरच्या फळ्या काढून जाळी मारली, आत्ता टॉर्चच्या उजेडात काम चालू होतं. बल्ब परत करणार. भीती वाटतेय खरं तर, एवढं उघडं ठेवून झोपायचं म्हणजे मनाला पटत नाही, पण तो पिसाचा प्रयोग करून बघितला, दांडीपाशी पीस हललं नाही.

आता तुऱ्याचं सांगा कोणीतरी. व्हॅसलिन लावू का? एका मैत्रिणीने सांगितलं की चोळून गरम पाण्याने शेकायचं.

तुरेवाला

चोळू नका! गरम पाणी नको, हेअर ड्रायर नको. गोठलेल्या भागातल्या पेशी आधीच फाटलेल्या असतात, चोळलं की अजून फाटतात. आणि तिथे संवेदना नसल्यामुळे गरम पाण्याने भाजलं तरी तिला लगेच कळत नाही.

तुम्ही राखाडी-पांढरट म्हणताय म्हणजे सुरुवात आहे. पुढे असं होईल की काही दिवस सूज येईल, कदाचित बारीक फोड येतील, ते फोडायचे नाहीत, मग टोकं काळी पडून सुकतील आणि काही आठवड्यांनी आपोआप गळून जातील. काळा भाग कापायचा नाही, ओढायचा नाही, खालच्या जिवंत कातडीचं तेच झाकण असतं. तुरा थोडा बोथट दिसेल पण कोंबडी ठणठणीत राहते. लक्ष कशावर ठेवायचं तर रक्त येतंय का, बाकीच्या टोचतायत का, वास किंवा पू आहे का. तसं काही दिसलं किंवा पायाची बोटं काळी पडायला लागली तर पशुवैद्याकडे न्या, पायाचं प्रकरण घरगुती नाही.

सूज जास्त असेल तर तिला घराच्या गार खोलीत ठेवा, गरम खोलीत नको. पण एकदा आत घेतली की जखम भरेपर्यंत आतच, दिवसा आत रात्री बाहेर असं करू नका. वितळून परत गोठलं की पहिल्यापेक्षा वाईट होतं.

व्हॅसलिनबद्दल माझं स्पष्ट मत, मी त्याच्यावर विसंबत नाही. झरोके नीट असले तर त्याची गरज पडत नाही आणि नसले तर ते पुरं पडत नाही. लावायचंच तर पातळ हाताने, पिसांना न लागू देता, पिसं चिकटली की रजई गेली.

लेगहॉर्नलाच का झालं हे पण बघा. तिचा तुरा उंच, पातळ, करवतीसारखा, त्यातून उष्णता भराभर बाहेर जाते, उन्हाळ्यात तोच तिचा फायदा असतो. ब्रह्मा जातीच्या कोंबडीचा तुरा बुटका, वाटाण्यासारखा, डोक्याला चिकटलेला, वायनडॉटचा पसरट गुलाबतुरा, त्यांना हा त्रास क्वचित होतो. कॅनडातल्या क्विबेकमध्ये एका मठातल्या साधूने विसाव्या शतकाच्या सुरुवातीला शँटेक्लेअर नावाची जात मुद्दाम तयार केली ती ह्याच कारणाने, तुरा इतका लहान की उशीसारखा डोक्यावर टेकलेला आणि चोचीखालचे लाल कल्लेही अगदी छोटे. पुढे कधी नवीन पिल्लं घ्याल तर तुरा बघून घ्या, अंड्यांचा आकडा नंतर. कोंबडा असेल तर त्याची काळजी दुप्पट, तुरा मोठा असतोच शिवाय कल्ले लांब असल्यामुळे पाण्यात बुडतात.

अजून एक, तुमच्या दांड्या गोल आहेत म्हणालात. किती जाड?

आठजणी

दोन इंच असतील. बांबूसारख्या.

तुरेवाला

बदला. साडेतीन-चार इंच रुंदीची सपाट फळी घ्या, रुंद बाजू वर, कडा कानसून गोल करा. गोल दांडीवर कोंबडी बोटं खाली वळवून पकडते आणि बोटांची टोकं उघडी राहतात. सपाट फळीवर पंजा पसरून वरून पोटाची पिसं पांघरूण घालून बसते, बोटं रात्रभर झाकलेली. दर कोंबडीला आठ-दहा इंच जागा धरा, त्या हिवाळ्यात चिकटून बसतात म्हणून उरेल, पण सगळ्यांना एकाच उंचीवर मावू द्या म्हणजे भांडणं होत नाहीत. लोखंडी पाइप तर अजिबातच नको.

बाकी पायाची फार काळजी करू नका. त्यांच्या पायात धमन्या आणि शिरा अगदी लागून असतात, वरून येणारं गरम रक्त खालून परत जाणाऱ्या गार रक्ताला तापवतं, त्यामुळे पाय गार राहिले तरी अंगातली ऊब टिकते. एका पायावर उभी दिसली तर ती दुसरा पाय गरम करतेय एवढंच. मात्र दिवसभर पिसं फुगवून, डोळे मिटून, मान आत ओढून कोपऱ्यात उभी असेल तर ते थंडीचं नाही, ती आजारी आहे.

लोकरीचा_गुंडा

मी पण नवीन आहे, मधेच विचारतो सॉरी, कोंबड्यांना स्वेटर घालतात ना, फोटो बघितलेत, ते चालतं का? माझी आई विणून द्यायला तयार आहे.

पाचवा_हिवाळा

नको रे. स्वेटर घातला की पिसं दबतात, फुलवता येत नाहीत, म्हणजे जी हवा तिला गरम ठेवते तीच निघून जाते. वर लोकर ओली झाली की अंगाला ओलं फडकं गुंडाळल्यासारखं. दांडीत नाहीतर जाळीत अडकायची भीती वेगळीच. आईंना सांग तुझ्यासाठीच विणा, पहाटे पाणी द्यायला तुलाच बाहेर जायचंय.

पहाटेची_बादली

पाण्याचं कोणी बोललंच नाही अजून म्हणून लिहितोय. माझ्या मते हिवाळ्यातलं निम्मं काम म्हणजे पाणी. अंड्यात तीन चतुर्थांश पाणी असतं, कोंबडीला अर्धा दिवस पाणी मिळालं नाही तरी अंड्यांवर परिणाम दिसतो आणि पाणी नाही तर ती दाणाही कमी खाते आणि दाणा कमी म्हणजे अंगात शेकोटीच कमी. ताईंची अंडी सहावरून दोनवर आली त्यात ह्या दगड झालेल्या पाण्याचा वाटा नक्की असणार.

माझी पद्धत अगदी साधी आहे. काळ्या रबराची दोन घमेली आहेत. सकाळी कोमट पाण्याचं एक बाहेर ठेवतो, गोठलेलं दुसरं आत आणतो, दुपारी अदलाबदल, संध्याकाळी दाणा खातात तेव्हा परत एकदा कोमट. रबर असल्यामुळे उलटं करून पायाने दाबलं की बर्फाची ढेप बाहेर पडते, प्लॅस्टिकचं असतं तर पहिल्याच आठवड्यात तडकलं असतं. पत्र्याचं नको, लवकर गोठतं. निपलवाले ड्रिंकर, म्हणजे चोच मारली की थेंब पडतो ते, उन्हाळ्यात झकास पण शून्याखाली सगळ्यात आधी तेच बंद पडतात आणि बाहेरून दिसत पण नाही बंद पडलंय ते, आपल्याला वाटतं भांडं भरलेलं आहे.

रात्री खुराड्यात पाणी ठेवायचं नाही. अंधारात त्या पीत नाहीत, फक्त आतली ओल वाढते, सांडलं तर भुसा गेला.

मिठाच्या पाण्याची बंद बाटली घमेल्यात तरंगत ठेवतात, ती हलत राहते म्हणून वर थर धरायला वेळ लागतो, हलक्या थंडीत तेवढ्यापुरता उपयोग होतो, उणे १२ ला नाही. पण पिण्याच्या पाण्यात मीठ किंवा गाडीत घालतात ते अँटिफ्रीझ किंवा आणखी काही मिसळायचं म्हणून कोणी सांगितलं तर अजिबात ऐकू नका, अँटिफ्रीझ विष आहे. आणि घमेलं उथळ उघडं असेल तर मधे एक दगड ठेवा म्हणजे कल्ले बुडणार नाहीत, ओले कल्लेच आधी गोठतात.

आता दाणा. एरवी कोंबडी दिवसाला ११० ते १२० ग्रॅम खाते, कडाक्यात त्याच्यावर चांगलीच जाते, तेव्हा मोजून घालू नका, भांडं भरलेलं ठेवा. लेयर मॅशमध्ये, म्हणजे अंड्यावरच्या कोंबड्यांच्या तयार खाद्यात, १६ टक्क्यांच्या आसपास प्रथिनं असतात, मक्यात त्याच्या निम्मीच, म्हणून थंडी आहे म्हणून नुसता मका ओतला की कोंबडी जाडी होते आणि अंडी अजून कमी. मका, गहू जे काय असेल ते फक्त संध्याकाळी, झोपायच्या तासभर आधी, एका कोंबडीला छोटी मूठभर. त्याने गळ्याखालची पिशवी भरून त्या दांडीवर चढतात आणि रात्रभर ते हळूहळू पचत राहतं, पचनाची ऊब अंगाला मिळते. शिंपल्यांचा चुरा वेगळ्या वाटीत आणि बारीक खडे वेगळ्या, जमीन गोठली की त्यांना खडे टिपता येत नाहीत हे आपल्या लक्षात राहत नाही. मॅश कोमट पाण्यात कालवून दिलं तर तुटून पडतात पण वीस मिनिटांत संपेल एवढंच द्या, उरलं की गोठतं.

दिवटी

अंड्यांचं सगळ्यात मोठं कारण उजेड आहे, पाणी नंतर. कोंबडीला नियमित अंडं द्यायला दिवसाचे १४ ते १६ तास उजेड लागतो. गंमत म्हणजे तो फक्त डोळ्यांनी कळत नाही, उजेड कवटीतून आत जातो आणि मेंदूतल्या पेशी तो थेट ओळखतात, आंधळी कोंबडीसुद्धा दिवस मोठा झाला की अंड्यावर येते. ताई, एक छोटा एलईडी लावा, टायमरवर, एकूण १४ तास उजेड भरेल अशा बेताने पहाटे चालू आणि उजाडलं की बंद. एलईडी त्या लाल बल्बसारखा तापत नाही त्यामुळे आगीचा तो प्रश्न नाही. आतमध्ये पेपर जेमतेम वाचता येईल एवढाच उजेड पुरतो. संध्याकाळी लावू नका, कारण दिवा एकदम बंद झाला की ज्या खाली असतात त्यांना अंधारात दांडी सापडत नाही आणि रात्रभर गार जमिनीवर बसतात. आणि एका दिवसात चार तास वाढवू नका, दर दोन-तीन दिवसांनी वीस मिनिटं असं वाढवत न्या.

जुनं_खुराडं

दिवटी, शास्त्र बरोबर आहे पण मी लावत नाही आणि ताईलाही आत्ता लाव असं सांगणार नाही. त्या तीन दीड वर्षाच्या आहेत त्यांची पिसं झडायची ही वेळ. पिसांत ८५ टक्के प्रथिनं असतात, सगळं खाणं नवीन पिसं उगवण्यात जातं आणि ती पिसं पुरी व्हायच्या आत भर थंडीत आपण दिवा लावून अंडी काढायला लागलो तर अंगावर रजई अर्धीच राहते. वर्षभर देतात, दोन महिने थांबल्या तर थांबू देत. पाच तलंगा आहेत त्या पहिल्या हिवाळ्यात तशाही दिव्याशिवाय बऱ्यापैकी देतात.

दिवटी

पिसं झडत असताना लावू नये हे मला मान्य आहे. नवीन पिसं भरल्यावर मात्र लावायला हरकत नाही, माझ्याकडे सात वर्षं लावतेय आणि कोंबड्या तब्येतीने चांगल्या आहेत. एक बजावते, लावला की वसंतापर्यंत रोज लावायचा. मधेच चार दिवस विसरलं तर शरीर समजतं दिवस लहान झाला आणि भर हिवाळ्यात पिसं झडायला सुरुवात होते, ते सगळ्यात वाईट.

जुनं_खुराडं

हे मात्र सोन्यासारखं सांगितलंस. ताई, नियम पाळता येणार असेल तरच कर.

भुशाचं राहिलं होतं. तीन इंच पुरणार नाहीत, सहा इंचांपासून सुरू कर आणि हिवाळाभर वरून कोरडा टाकत जा, फूटभर झाला तरी चालतो. दांडीखाली रात्रीत जे साठतं ते सकाळी फावड्याने उचल, बाकीचा आठवड्यातून दोनदा खालीवर कर, संध्याकाळचा मूठभर दाणा त्यातच फेकलास तर त्याच उकरून देतील. खालचा थर हळूहळू कुजतो आणि थोडी ऊब देतो, वसंतात बागेला खत तयार. मूठभर हातात घेऊन दाब, ढेकूळ झालं तर ओल जास्त, सुटं राहिलं तर बरोबर. वास आला की वर अजून भुसा टाकून झाकायचं नाही, ओलं काढायचं.

रानवाट

दोन गोष्टी पटकन. रात्री टॉर्च घेऊन शेपटीखाली, गुदद्वाराच्या भोवतीची पिसं बाजूला करून बघा, पिसांच्या मुळाशी काळपट मळ किंवा बारीक हलणारे ठिपके दिसले तर ते गोचिडांच्या जातीचे बारीक किडे. त्यातला एक प्रकार थंडीतच वाढतो, आपण समजतो हिवाळ्यात किडे नसतात. रक्त पितात, कोंबडी फिकी पडते आणि थंडी सोसत नाही. बाहेरची माती गोठलेली किंवा ओली असते म्हणून त्यांना लोळायला मिळत नाही, तेव्हा आत एका खोक्यात कोरडी माती, वाळू आणि चाळलेली लाकडाची राख ठेवा, दुसऱ्या मिनिटाला आत शिरतील.

दुसरं, दाणा उघड्यावर टाकू नका. हिवाळ्यात स्थलांतर करणारे पाणपक्षी बर्ड फ्लू घेऊन येऊ शकतात आणि रानपाखरं दाण्यावर उतरतात. पाणी पण छपराखाली. उंदरांनाही हाच काळ लागतो खुराड्यात घर करायला, रात्री दाण्याचं भांडं उचलून पत्र्याच्या डब्यात.

आठजणी

दहा दिवसांनी लिहितेय, उशीर झाला माफ करा.

उणे १३ होऊन गेलं परवा. मी पहाटे पाचला टॉर्च घेऊन गेले होते, खरं सांगते दार उघडताना पोटात गोळा आला होता. आठीच्या आठी नव्या फळीवर एका ओळीत चिकटून, डोकी पिसांत खुपसलेली, एकीने मान वर काढून माझ्याकडे बघितलं आणि परत आत घातली. पत्रा आतून कोरडा खडखडीत. वास नाही, म्हणजे शेतातल्या गोठ्यासारखा मंद येतो पण डोळ्याला लागत नाही. आत हात फिरवला तर बाहेरच्यापेक्षा फार काही गरम नव्हतं, तरी एकीच्या पंखाखाली बोटं घातली तर भट्टी होती नुसती.

लेगहॉर्नच्या तुऱ्याची तीन टोकं काळी पडून सुकलीत, बाकी तुरा लाल आहे, डोकं झटकायची थांबली. दुसऱ्या लेगहॉर्नला काही झालं नाही. रबरी घमेली आणली, ती बर्फाची ढेप पाडायचं काम आता मुलगी करते, तिला तेच आवडतं. अंडी कालपासून चार. दिवा लावला नाही, मोठ्या तिघींच्या मानेवर नवीन पिसांची काटेरी टोकं फुटतायत, त्या पुऱ्या होऊ देत म्हटलं. काल एक अंडं गोठून उभं तडकलेलं सापडलं, ते टाकून दिलं, आता दुपारी पण एक फेरी मारते अंडी गोळा करायला.

एकच प्रश्न उरलाय, काल बर्फ पडलं आणि एकही बाहेर यायला तयार नाही. दारात उभ्या राहून ओरडतात. ढकलू का बाहेर?

पहाटेची_बादली

ढकलू नका. पांढरं काहीतरी जमिनीवर पसरलंय ह्याचीच त्यांना भीती वाटते. दारापासून दहा पावलं बर्फ झाडून काढा आणि वर गवताची काडी जाड पसरा, त्यावर लगेच टिपून संपतील एवढेच थोडे दाणे टाका, आधी तलंगा येतील मग मोठ्या. वाऱ्याच्या बाजूला जाळीला कमरेएवढं प्लॅस्टिक लावलंत तर तिथेच दिवसभर बसतील, वरचा भाग उघडा ठेवा.

आणि त्यांना काहीतरी काम द्या, कोबीचा गड्डा दोरीने उडी मारून चोच लागेल एवढ्या उंचीवर टांगा. दिवसभर आत कोंडून राहिल्या की एकमेकींची पिसं उपटायला लागतात आणि तुमच्या मोठ्या तिघींची नवीन पिसं रक्ताने भरलेली, त्यांना टोच बसली तर बाकीच्या थांबत नाहीत.

आठजणी

काडी पसरली. पाच तलंगा बाहेर आहेत, मोठ्या तिघी दारात. कोबी संध्याकाळी टांगते.